दहा हजारांची ढेप

दिवाळी उरकते, आकाशकंदील माळ्यावर जातो, आणि मग कुठल्यातरी सकाळी बसमधून उचगावच्या बाजूला जाताना तो वास येतो. काहिलीत उकळणाऱ्या उसाच्या रसाचा. बसमधली माणसं नाक वर करतात, कुणीतरी म्हणतं, गुऱ्हाळ पेटलं वाटतं, आणि सगळ्यांना एकदम भूक लागते. मला राग येतो. गेली कित्येक वर्षं हंगामाची सुरुवात माझ्याकडं अशीच होते. आमचे हे म्हणतात, गुळाचा राग येणारी बाई अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात तू एकटीच असशील. असेन. राग गुळाचा नाही हे त्यांनाही ठाऊक आहे, पण मला चिडवल्याशिवाय त्यांना सकाळचा चहा गोड लागत नाही.

गूळ तर माझ्या अंगात मुरलेला. वडील मार्केट यार्डात एका अडतीवर दिवाणजी होते. नव्वदनंतरची ती वर्षं. शाळेला सुट्टी असली की त्यांचा डबा घेऊन मी यार्डात जायची. फरशीवर ढेपांच्या रांगा, वर घोंघावणाऱ्या माश्या, ओल्या गोणपाटाचा वास, आणि सौदे सुरू झाले की नुसता गलका. व्यापारी ढेपेचा टवका काढायचा आणि उजेडाकडं धरायचा. जिभेवर ठेवून बघणारा क्वचित. बघायचा तो रंग. पिवळाधमक असला की बोली चढायची, तांबूस-काळपट असला की तोच माणूस पाठ फिरवून पुढच्या रांगेकडं जायचा. काळा गूळ वाईट असतो, एवढं शिक्षण मला तिथं फुकटात मिळालं. आमच्या घरीही पिवळाच यायचा. पाहुण्यांपुढं काळा गूळ ठेवणं म्हणजे त्यांना फाटक्या सतरंजीवर बसवण्यासारखं होतं.

वैजू माझी पाचवीपासूनची मैत्रीण. एका बाकावरची. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त रडलेली, आणि माझ्या पहिल्या बाळंतपणात माझ्या सासूबाईंशी माझ्या वतीनं भांडलेली. मी एका पतसंस्थेत नोकरीला लागले, वैजूनं घरीच कॉम्प्युटर घेतला. तिच्या भावानं परदेशातून डिजिटल कॅमेरा पाठवला आणि दोन हजार सालानंतरच्या कुठल्याशा हिवाळ्यात आम्हाला नाद लागला. रविवार आला की तिची स्कूटी काढायची आणि गुऱ्हाळं बघत हिंडायचं. गडमुडशिंगीच्या पुढं, पार बिद्रीच्या वाटेपर्यंत. घरी येऊन मी कागदावर लिहायची, ती टाइप करायची, फोटो जोडायची आणि इंटरनेटवर टाकायची. ब्लॉग हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीत आम्हा दोघींनाच माहीत होता. ब्लॉगचं नाव ठेवलं 'काकवी'. प्रत्येक लेखाच्या तळाला आपोआप एक ओळ यायची, लेखन माझं, छायाचित्रं तिची. आणि त्याखाली आकडा. किती लोक येऊन गेले, तो मोजणारा. स्कूटीचं रनिंग दाखवणाऱ्या, काट्याखालच्या आकड्यांसारखा तो हळूच पुढं सरकायचा. सुरुवातीचे बरेचसे पाहुणे म्हणजे आम्हीच होतो, ती तिच्या घरून आणि मी पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवरून, साहेब जेवायला गेले की. मग सांगलीहून कुणी लिहिलं, मग पुण्याहून, मग आखाती देशात असलेल्या एकानं लिहिलं की तुमचा लेख वाचून आईची आठवण आली. त्या दिवशी वैजूनं मला पतसंस्थेत फोन केला होता, आणि आम्ही दोघी फोनवर नुसत्या हसत होतो.

ज्यांच्या गुऱ्हाळावर आम्ही सगळ्यांत जास्त गेलो त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही, गावही नाही. का, ते कळेलच. त्यांना आण्णा म्हणू. घराणं सीमेकडचं, घरात कानडी, बाहेर मराठी. त्यांच्या बायकोला सगळे गौराक्का म्हणत. त्या मला 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. चरकात ऊस सारत असल्या तरी लांबून मला बघून त्या ओरडायच्या, "तंगी आली, भांडं धुवा की रं," आणि आलं-लिंबू पिळलेला रस पितळी तांब्यातून माझ्यापुढं यायचा. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही ही तिथली रीत. ओळखीचा असो, वाट चुकलेला असो, रस प्यायचा, उसाच्या कांड्याला गुंडाळलेला गरम गूळ खायचा आणि जायचं. खिशात हात घातला तर आण्णा चिडायचे.

डोळे मिटले तरी मला ते सगळं दिसतं. चुलवाणात सारलेली वाळकी चिपाडं आणि त्यांचा फटफट आवाज. काहिलीवर दाटून येणारी मळी, तिच्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी पडलं की खालून वर येणारा नितळ सोनेरी रस. वाफेनं ओले झालेले केस घरी आल्यावरही गोड लागायचे, म्हणजे माझ्या धाकट्यानं एकदा खरंच चाखून बघितले होते. पाक गार करायच्या वाफ्यात ओतला की सगळ्या बोलणाऱ्यांची बोलणी आपसूक थांबायची. का ते मला आजही सांगता येणार नाही. त्या शांततेसाठीच मी तिथं जात होते असं आता वाटतं.

एका दुपारी मी आण्णांना विचारलं की माझ्या पिशवीत तुम्ही घालता तो गूळ तांबूस आणि टेंपोत चढतो तो पिवळा, असं कसं. ते मला शेडच्या मागं घेऊन गेले आणि एक डबा उघडून दाखवला. आत कसल्याशा रसायनाची पांढरी पावडर होती. काहिलीत टाकली की गुळाचा रंग उजळतो. घरच्या गुळात आम्ही घालत नाही, म्हणाले, आणि तुम्हाला देतो तो घरचा. न घालता यार्डात नेला तर कुणी हात लावत नाही, सगळीच गुऱ्हाळं घालतात, आम्ही एकट्यानं सोडली तर पोरंबाळं काय खातील. मला वडिलांचं यार्ड आठवलं, उजेडाकडं धरलेला तो टवका आठवला. मी म्हटलं, आण्णा, हे लिहायला हवं. तुमच्यावर नाही, त्या रंगावर. ते डब्याचं झाकण लावत म्हणाले, "औंदा नगं. औंदाचा माल निगू दे. म्होरल्या हंगामाला पयली काहील बिनपावडरीची काढतो आन मीच यार्डात घिऊन जातो. तुमी संगं या. मग लिवा. नावासकट लिवा."

मला नोकरीत बढती मिळाली तेव्हाही असं वाटलं नव्हतं. माझ्या चार ओळींवर एका माणसानं आपलं गुऱ्हाळ ठेवलं होतं, आपलं नाव ठेवलं होतं. परत येताना स्कूटीवर मागं बसून, वाऱ्यावर ओरडत ओरडत मी वैजूला सगळं सांगितलं. सख्ख्या मैत्रिणीला नाही सांगायचं तर कुणाला. तिनं गाडी बाजूला घेतली, माझ्याकडं वळून बघितलं आणि म्हणाली, "तू म्हणशील तेव्हाच, मंगल." तिच्या चेहऱ्यावरचा तो मायेचा भाव मी अजून तपासून बघत असते. खोटा नव्हता. हेच तर माझ्या पचनी पडत नाही.

त्याच हंगामात आकडा दहा हजाराच्या जवळ गेला. दहा हजार म्हणजे आम्हाला आभाळ ठेंगणं. आज एखाद्याच्या मांजराला त्याहून जास्त लोक बघून जातात, पण तेव्हा दोन संसारी बायकांच्या छंदाला एवढी माणसं येऊन गेली याचंच नवल. वैजू म्हणाली, वाचकांना गुऱ्हाळावर बोलवू. आण्णांना विचारायला गेलो तर त्यांना आधी हे पाहुणेच कळेनात. येतात म्हणता, मग दिसत कसे नाहीत. बघतात आणि काही न खाता जातात, ही कसली पद्धत. मी समजावून थकले. शेवटी ते म्हणाले, एवढी माणसं आमच्या दारावरनं उपाशी गेली व्हय, मग आता जेवढी येतील तेवढी तरी जेवून जाऊ देत. त्यांनी सुतारासमोर बसून लाकडी साचा करून घेतला, तळाला आकडे उलटे कोरून, म्हणजे ढेप पालथी केली की वर 'दहा हजार' उमटेल.

तो रविवार मला अजून लख्ख आठवतो. सांगलीचे एक निवृत्त प्राध्यापक, पुण्याचं एक कॉम्प्युटरवालं जोडपं, इचलकरंजीच्या दोघी जावा, कॉलेजची चार-सहा पोरं. न दिसणारे पाहुणे दिसायला लागले म्हणून आण्णा इतके खूश की सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून काहिलीजवळ उभे. गौराक्कांनी चुलीवर भाकऱ्या लावल्या होत्या, खर्डा होता, वांग्याची भाजी, आणि भाकरीवर ओतायला काकवी. मी त्यांच्या हाताखाली भाकऱ्या थापत होते. वैजू कॅमेरा घेऊन काहिलीजवळ होती.

मग ढेप आली. चौघांनी धरून आणली, पालथी केली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आकडे सुरेख उमटले होते. पण ढेप पिवळीजर्द, हळद लावलेल्या नवरीसारखी. मी आण्णांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, आज तरी घरच्यासारखा काढायचा होता. त्यांना माझं बोलणं समजलंच नाही. "पावण्यांची ढेप हाय की ताई," ते म्हणाले. "चांगली नगं व्हय?" मला हसू आलं. माझी आईही हेच म्हणाली असती. घरच्यांना काळा, पाहुण्यांना पिवळा. त्या दिवशी नेहमीपेक्षा ओंजळभर पावडर त्यांनी जास्तच घातली होती, मान राखायचा म्हणून. वैजूनं ढेपेचे तुकडे सगळ्यांना वाटले, मलाही भरवला, आणि माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला. तो फोटो माझ्याकडं आहे. फाडवत नाही आणि बघवतही नाही.

त्याच आठवड्यात पतसंस्थेत एका सहकाऱ्यानं मला कॉम्प्युटरजवळ बोलावलं. अभिनंदन म्हणाला. पडद्यावर 'काकवी' उघडलेली आणि वर मोठ्या अक्षरांत, 'आमच्या दहा हजारांच्या ढेपेत काय होतं?' खाली फोटो. काहिलीवर धरलेला आण्णांचा हात, तळव्यावर पांढरी पावडर, आणि कॅमेऱ्याकडं बघून हसणारा त्यांचा चेहरा. इस्त्रीचा सदरा. दुसरा फोटो आकडे उमटलेल्या ढेपेचा. तिसरा गुऱ्हाळाच्या पाटीचा, नाव आणि गाव वाचता येईल असा. मजकूर चांगला लिहिला होता. आम्ही अनेक महिने पाळत ठेवून होतो, असं त्यात होतं. आम्ही. आणि सगळ्यात खाली, नेहमीप्रमाणे आपोआप, लेखन म्हणून माझं नाव.

त्याखाली लोकांनी लिहिलं होतं, ताई, तुमच्या धाडसाला सलाम. मला कुणी फसवल्यासारखं वाटलं, असं मी म्हणणार नाही. मला फसवलंच. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारीच्या हातचा गुळाचा तुकडा माझ्या पोटात होता.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिनं दार उघडलं ती खुशीतच. मी काय काय बोलले ते आठवत नाही, बरंच बोलले असेन. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "यातला एक शब्द खोटा असेल तर दाखव." मला दाखवता आला नाही. लोकांच्या पोटात काय जातंय ते लोकांना कळायला नको का, तिनं विचारलं. कळायला हवंच, मी म्हटलं. मग झालं तर, ती म्हणाली. तू म्हणशील तेव्हा, असं कबूल केलं होतंस, एवढंच मला सुचलं, आणि ते बोलताना मलाच ते शाळेतल्या पोरीचं रडगाणं वाटलं. तेवढ्यात तिनं मला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर नेलं आणि आकडा दाखवला. एका दिवसात तो पूर्वीच्या सगळ्या महिन्यांत चालला नव्हता एवढा पळाला होता. "बघ तरी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे चमकत होते. लोकांच्या पोटाची काळजी करणाऱ्या बाईचे डोळे असे चमकत नाहीत. तेव्हा मला कळलं, आणि मी चप्पल घालून निघाले.

पुढं जे व्हायचं ते झालं. फोटो एका वर्तमानपत्रात गेला. ज्यांनी आयुष्यभर पिवळा द्या, पिवळा द्या म्हणून शेतकऱ्यांना पिडलं, त्याच व्यापाऱ्यांनी आण्णांच्या ढेपांना हात लावला नाही. आजूबाजूच्या सगळ्या गुऱ्हाळांवर तोच डबा होता, पण पाटी एकाच गुऱ्हाळाची छापून आली होती. तो हंगाम त्यांनी कसाबसा ओढला. पुढच्या वर्षी त्यांचा ऊस साखर कारखान्याला गेला. बिनपावडरीची पहिली काहील कधी चढलीच नाही, आणि मला जे लिहायचं होतं ते लिहायचं राहिलं. आता तिथं कुणाचं तरी सिमेंटच्या पत्र्यांचं गोदाम आहे.

बसमध्ये खिडकी ओढून घेतली तरी वास आत येतोच. मग मी मनात वैजूशी भांडत राहते, उचगावपासून स्टँडपर्यंत. इतक्या वर्षांत या भांडणात मी खूप सुधारले आहे. आता मला तिच्या प्रश्नाचं उत्तर येतं. खोटं बोलून कुणी दगा दिला तर त्याला खोटं पाडता येतं, चारचौघांत तोंड वाजवता येतं. ती खरं बोलून गेली. तिच्याकडं बोट दाखवायचं तर लोक म्हणणार, म्हणजे तुम्हाला पावडर लपवायची होती का. मला लपवायची नव्हती. एका माणसाला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं आणि त्यासाठी तो एक हंगाम मागत होता. तो त्याचा हंगाम तिनं काढून घेतला आणि त्याच्या जागी आकडा ठेवला. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, ही तर भाकरी, खर्डा, काकवी सगळं खाऊन हात पुसत उठली होती. हे सगळं मी इतकं चांगलं बोलते की कधीकधी शेजारची बाई सरकून बसते.

'काकवी'वरून माझं नाव तिनं मी सांगताच काढलं, तिला ते सोयीचंच झालं. ब्लॉग आणखी थोडी वर्षं चालला, मग लोक दुसरीकडं गेले, मग तीही कंटाळली. आता शोधूनही सापडत नाही. आणि गंमत म्हणजे आजकाल दुकानात काळाच गूळ मानानं मांडलेला असतो, वर चिठ्ठी सेंद्रिय म्हणून, आणि पिवळा दिसला की बायका नाक मुरडतात. अशाच एका पाकिटाचा फोटो मध्यंतरी वैजूनं मला मोबाइलवर पाठवला. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा. खाली लिहिलं होतं, 'आपणच पहिल्यांदा लिहिलं होतं, आठवतं?' त्या 'आपण'वर मी किती वेळ बोट ठेवून बसले होते. उत्तर दिलं नाही. राग इतका ताजा होता की माझी मलाच भीती वाटली.

एक गोष्ट मात्र मी तिला मनातल्या भांडणातही सांगत नाही. लेख आल्यानंतर मी आण्णांकडं गेले होते. एकटीच, वडापच्या जीपनं. गुऱ्हाळ चालू होतं, पण माणसं कमी. गौराक्का चरकाजवळ होत्या. मला बघितलं आणि पदर सावरून आत गेल्या. आण्णांनी बाज टाकली, बसा म्हणाले, गड्याला रस आणायला सांगितला. रीत मोडली नाही. रस माझ्या हातात होता आणि मी बोलत होते. मी ते लिहिलं नाही, मला माहीत नव्हतं, माझं नाव आपोआप येतं, मी भांडून आले, मी नाव काढायला लावलं. बोलता बोलता मला रडू आलं. आण्णा उन्हाकडं बघत सगळं ऐकत होते. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुमी लिवलं न्हाई, ते ठावं हाय आमास्नी," ते म्हणाले. "तुमच्यावर बट्टा न्हाई." मला एकदम सुटल्यासारखं झालं. मी डोळे पुसले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खरोखरच माहिती विचारावी तसं विचारलं, "पर ताई, तिला हितं कुणी आणलं?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी मान हलवली. रस संपवून जावा म्हणाले, आणि काहिलीकडं गेले.